हाताने बनवलेल्या कपड्याची किंमत ग्राहकाला कशी उलगडून सांगावी?

सुरुवात मजुरीपासून करा, कारण चूक तिथेच होते. बहुतेक जण फक्त टाके घालायचा वेळ मोजतात. कापड धुणं, आखणी, कापणी, धागा भरणं, उसवून पुन्हा करणं, काज-बटण, इस्त्री हे सगळं राहून जातं आणि कारागिराच्या पदरचं जातं. एकाच नमुन्याचे तीन नग घड्याळ लावून करा आणि सरासरी धरा. पहिल्या नगाला वेळ जास्त लागतो, म्हणून त्या एकट्यावर दर ठरवू नका.

नगावर मजुरी देत असाल तर नक्षी दाट झाली की दर नव्याने काढा. जुनाच दर चालू ठेवणं म्हणजे मजुरी कापणंच.

कापड विकत घेतलं तेवढं धरा, वापरलं तेवढं नव्हे. सुती कापड आटतं, कडा वाया जातात.

आता विक्रेत्याचं कमिशन. ते विक्री किमतीवर 30 टक्के असेल आणि तुमचा खर्च 100, तर किंमत 130 ठेवून भागत नाही: 130 चे 30 टक्के 39 होतात, हाती 91 उरतात. कमिशन गेल्यावर किमतीचे 70 टक्केच हाती उरतात, म्हणून 100 ला 0.7 ने भागा, साधारण 143 येतात. नफा हवा असेल तर तो भागण्याआधी खर्चात मिळवा.

लेबलवर साहित्य, मजुरी (तासांसह), वरखर्च, कमिशन आणि नफा वेगवेगळे लिहा. 'कारागिराला योग्य मोबदला' एवढंच लिहिलेलं लेबल काहीच सांगत नाही. सवलत द्यायची झाली तर ती नफ्यातून द्या, मजुरीला हात लावू नका.