सतरा वर्षांचा मुलगा ३१ डिसेंबरला ठाण्याजवळच्या येऊरला पार्टीला जाणार आहे. त्याआधी त्याला घरीच बिअरची चव द्यावी का?

नाही, घरीसुद्धा देऊ नका. २१ पूर्ण होईपर्यंत थांबा. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि व्हिस्की-रमला २५ ही वयाची अट आहे, पिण्यासाठी परवाना लागतो तो वेगळाच. शिवाय १८ च्या आतल्या मुलाला डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय दारू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. शिक्षा ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि देणारे आईवडील असले तरी सूट नाही. ‘बाहेर पिण्यापेक्षा आमच्यासमोर शिकलेला बरा’ हे तुमचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं खरं, पण मोह आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि घरात मिळालेली परवानगी मुलं बाहेरही गृहीत धरतात. तुमची खरी काळजी ३१ डिसेंबरच्या येऊरच्या पार्टीची आहे ना? मग त्याला आजच सांगा: ‘प्यायलेल्याच्या बाइकवर मागे बसायचं नाही. रात्री दोनला फोन केलास तरी मी येऊरच्या पायथ्याला उपवन तलावापाशी गाडी घेऊन येईन, आणि त्या रात्री काही विचारणार नाही.’ त्याने आधीच चोरून घोट घेतला असेल, तर मात्र आकांडतांडव नको. मारझोड केलीत तर पुढच्या वेळी तो फोनच करणार नाही.