बाज सोडल्यावर ससे खरंच कमी होतात का?

प्रश्न: मी इंग्लंडमधे नॉर्फोकला राहते, घरामागे बार्लीचं शेत आहे. मागच्या महिन्यात तिथे एकजण हातावर बाज घेऊन आला नि दिवसभर ससे धरत होता, शेतकऱ्यानेच बोलावलं होतं म्हणे. याने ससे खरंच कमी होतात का? गावाकडे बाबांच्या हरभऱ्यात पण ससे येतात, तिथे असं जमेल का? आणि आमचं मांजर बाहेर फिरतं, त्याची काळजी वाटते.
— एक वाचक

उत्तर: ताई, तो बहुतेक हॅरिस हॉक असणार, मूळचा अमेरिका खंडातला. निसर्गात हा पक्षी गटाने शिकार करतो, म्हणून माणूस, कुत्रा, फेरेट यांच्यासोबत पटकन रुळतो. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबोडका पाळीव प्राणी, त्याला बिळात सोडतात, मग ससा दुसऱ्या तोंडातून सुसाट बाहेर पडतो. मी एकदा जवळून बघितलंय, सगळे चिडीचूप उभे, जमिनीखालून धपधप आवाज आला, ससा सुटला आणि नंतर ऐकू आली ती फक्त बाजाच्या पायातली घुंगरं. पकडलेला ससा त्याच्याकडून हिसकावत नाहीत हां, हातमोज्यावर मांसाचा तुकडा दाखवतात, तो आपणहून मोज्यावर येतो तेवढ्यात ससा पिशवीत जातो. रोज बाजाचं वजन करतात कारण पोट भरलेलं असलं तर तो झाडावर जाऊन बसतो नि हाकेला येत नाही, आणि जास्त उपाशी ठेवला तर पक्ष्याचे हाल, मला तरी खरं कसब त्या तराजूपाशीच वाटतं.

आता ससे कमी होतात का, तर थोडेच. एक बाज दिवसात मोजकेच ससे धरणार, आणि सशिणीचं गाभणपण जेमतेम एक महिन्याचं. १९५३ साली ब्रिटनमधे मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाची साथ आली, तिने जवळपास ९९ टक्के ससे मेले असं मानतात, तरी ते परत वाढलेच की! तिथल्या १९५४ च्या कायद्याने जमीन कसणाऱ्यावर ससे आवरायची जबाबदारी आहे म्हणून शेतकरी बोलावतात. घरं जवळ असली की बंदूक चालवणं धोक्याचं, तिथे बाज खूप उपयोगी. पण हे काम हिवाळ्यात, पिल्लांचा हंगाम सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे आणि जोडीला कुंपण हवंच, ३१ मिलीमीटरची जाळी, पाऊण ते एक मीटर उंच, खालची १५ सेंटीमीटर बाहेरच्या बाजूला जमिनीवर वळवलेली.

बाबांच्या शेतात मात्र नाही जमणार. आपल्याकडे शिकारी पक्षी धरणं, पाळणं आणि सशाची शिकार, सगळंच १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, आणि आपला ससा बीळ करतच नाही, झुडपाच्या आडोशाला उघड्यावर बसतो, मग फेरेट सोडणार कुठे? त्यांना हरभरा कोवळा असेपर्यंत बारीक जाळी लावायला सांगा, खालून फट ठेवू नका म्हणावं.

मांजराचं म्हणाल तर काळजी बरोबर आहे. शेतकऱ्याला सांगून ठेवा, बाजवाला यायचा असेल तर आदल्या दिवशी कळवा म्हणून, आणि तेवढा दिवस मांजराला घरातच ठेवा.