मधुमेही डोळे आणि बिघडलेली झोप

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे आहेत, मधुमेह सोळा वर्षांपासून. दोन्ही डोळ्यांना लेझर झाले आहे. दिवसभर खुर्चीत पेंगतात आणि रात्री दोन-अडीचपर्यंत टक्क जागे असतात. उजेड सोसत नाही म्हणून खोलीच्या खिडक्या झाकूनच ठेवतो. झोपेची गोळी सुरू करावी का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : गोळीचे नंतर पाहू, आधी खिडक्या उघडा. दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यात, पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी एक लहानसा गट असतो. त्यात मेलानॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. सुमारे ४८० नॅनोमीटरचा निळसर उजेड त्याला सर्वांत जास्त जाणवतो आणि दिवस उजाडल्याचा निरोप या पेशी थेट मेंदूतल्या घड्याळाकडे धाडतात. मधुमेहाने दृष्टिपटल खराब होते तेव्हा या पेशींनाही झळ लागते. त्यांना मदत करणाऱ्या कडेच्या प्रकाशसंवेदी पेशी लेझरमध्ये काही प्रमाणात खर्ची पडतात. मधला, वाचण्या-पाहण्याचा भाग वाचवण्यासाठी तो सौदा करावाच लागतो. मोतीबिंदू पिकत असेल तर पिवळट भिंग निळा उजेड आणखी अडवते. म्हणजे आधीच निरोप क्षीण, त्यात तुम्ही खोली अंधारी केलीत.

ट्यूबलाइटच्या खोलीत डोळ्यांपर्यंत जेमतेम १०० ते ३०० लक्स उजेड पोचतो. मोकळ्या अंगणात, सावलीत बसले तरी तो हजारोंत जातो. तेव्हा उठल्यापासून तासाभरात त्यांना गॅलरीत किंवा ओसरीवर अर्धा-पाऊण तास बसवा. चहा-पेपर तिथेच होऊ द्या. सूर्याकडे पाठ, डोक्यावर पुढे झाप असलेली टोपी. चकाकी बरीचशी तेवढ्यानेच कमी होते. काळा चष्मा दुपारच्या उन्हासाठी ठेवा, सकाळी तो नेमका हवा तो उजेड कापतो. उठण्याची वेळ एकच, समजा साडेसहा. रात्री कितीही उशिरा डोळा लागला तरी तीच. इथेच बहुतेकांची गाडी घसरते: रात्र वाईट गेली म्हणून माणूस नऊपर्यंत झोपतो आणि पुढची रात्रही हातची जाते. दुपारची डुलकी तीनच्या आत, गजर लावून वीस मिनिटे. चारनंतर चहा नको. आठनंतर मोठे दिवे बंद करून एकच मंद, पिवळसर दिवा ठेवा. फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. चार दिवसांत काही झाले नाही म्हणून सोडू नका.

मात्र उजेड सोसेनासा होण्याबरोबर डोळा लाल झाला, दुखू लागला, तर त्याच दिवशी डोळ्याचा दाब तपासून घ्या.

प्रश्न : वडील रात्री चार वेळा लघवीला उठतात. घोरतातही फार. मध्येच घामाघूम होऊन जागे होतात. डोळ्यात सूज असल्याने इंजेक्शने चालू आहेत. रात्री जेवणाआधी इन्सुलिन घेतात. (एक वाचक, लातूर)

उत्तर : यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि तिघींचा इलाज वेगळा आहे. सलग तीन-चार रात्री झोपताना आणि पहाटे तीनला ग्लुकोमीटरवर साखर पाहा, घामाने जाग आली तर तेव्हाही. साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. मग चार फेऱ्या ठरलेल्याच. उलट ७० च्या खाली असेल तर घाम त्याचाच. लगेच तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. चॉकलेट किंवा पेढा देऊ नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. ही आकड्यांची वही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय इन्सुलिनचा डोस मात्र स्वतः बदलू नका. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी किंवा डापाग्लिफ्लोझिनसारखी साखरेची गोळी संध्याकाळी घेत असतील, तर ती सकाळी घेता येईल का, हे विचारा.

घोरण्याकडे घरचे लोक हसून बघतात, ते चूक. घोरता घोरता श्वास थांबतो, मग दचकून पुन्हा सुरू होतो, असे दिसत असेल तर त्या प्रत्येक वेळी रक्तातला प्राणवायू घसरतो, आणि आधीच उपाशी असलेल्या दृष्टिपटलाला ते परवडणारे नाही. मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे झोपेची तपासणी करून घ्या. तोवर झोपेची गोळी बिलकूल नको, ती श्वास आणखी मंदावू शकते.

प्रश्न : झोपेसाठी पहाटे शीर्षासन आणि उगवत्या सूर्यावर त्राटक करायला सांगितले आहे. रेटिनोपॅथी (मधुमेहाने दृष्टिपटल खराब होणे) आहे, करू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दोन्ही नको. सूर्याकडे टक लावल्याने दृष्टिपटलाचा मध्यबिंदू भाजतो, आणि उगवता सूर्य कोवळा म्हणून निर्धास्त राहू नये. दृष्टिपटलावर नवीन, नाजूक रक्तवाहिन्या उगवलेल्या असतील तर शीर्षासन, सर्वांगासन, कपालभाती किंवा श्वास कोंडून वजन उचलणे यांनी डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. चालणे आणि शवासन चालेल. अचानक काळे ठिपके किंवा जाळे दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

प्रश्न : अंधारात मधुमेही डोळ्याला जास्त प्राणवायू लागतो, म्हणून दिवा लावून झोपावे असे वाचले. खरे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : पहिला भाग खरा. अंधुक उजेडात पाहण्याचे काम करणाऱ्या दृष्टिपटलातल्या दंडपेशी अंधारात सर्वांत जास्त प्राणवायू वापरतात. त्यावरून रात्री मंद उजेड देणारा मुखवटा ब्रिटनमध्ये दोन वर्षे रुग्णांवर वापरून पाहिला गेला. डोळ्याची सूज कमी झाली नाही. तेव्हा खोली अंधारीच ठेवा. पण लेझरनंतर अंधारात कमी दिसते आणि पडझड होते. म्हणून पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर, घोट्याच्या उंचीला, नारिंगी किंवा लाल झीरोचा दिवा लावा. पांढरा किंवा निळा नको. उशीच्या पातळीवरून तो थेट डोळ्यांत येत नाही ना, हे आडवे पडून एकदा पाहून घ्या, आणि वाटेतले पायपुसणे उचला.