मॅडम, पाठवू का तिला?

जुलै २०२१ चा शेवटचा आठवडा. रात्री साडेनऊला एका आईचा फोन आला. "मॅडम, पोरगी आज स्वतःहून बोलली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. पण म्हणते काय, मामाबरोबर चिपळूणला जायचंय, पुराचा चिखल काढायला. पाठवू का तिला?"

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न त्यानंतर मला बऱ्याच पालकांनी विचारलाय. घरात मृत्यू झालेला असतो, मूल मिटून गेलेलं असतं आणि एक दिवस ते दुसऱ्याच्या संकटात धावून जायचं म्हणतं. कुणाला वाटतं, आधीच भाजलेल्या पोराला पुन्हा आगीजवळ कशाला न्यायचं. कुणी म्हणतं, जाऊ दे, तेवढंच मन रमेल. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात, म्हणून त्या मुलीची हकीकत सांगते. तिची आणि आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव लिहीत नाही. चिपळूणच्या एक आजी तिला 'बाय' म्हणायच्या, आपणही तेच म्हणू.

बाय तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत. राहायला कराडला. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, घरात पहिल्यांदा घसा धरला तो बायचा. तिला वरच्या खोलीत वेगळं ठेवलं. चौथ्या दिवशी वडिलांना ताप आला, मग ऑक्सिजनच्या बेडसाठी शोधाशोध, आणि नवव्या दिवशी सगळं संपलं. बायनं वडिलांना शेवटचं पाहिलं ते वरच्या खिडकीतून, ॲम्ब्युलन्समध्ये चढताना. पाठमोरे. घाईत एक चप्पल पायातून निसटली ती दारातच राहिली. पुढं अंत्यसंस्कार परस्पर झाले, काकांनी अस्थी आणल्या आणि प्रीतिसंगमावर विसर्जन केलं. त्या वेळीही बाय खोलीतच होती. ना चेहरा पाहिला, ना पाणी पाजलं, ना पायावर डोकं ठेवलं.

मे ते जुलै ती माझ्याकडे सहा वेळा आली. "बरी आहे" याच्या पुढं गाडी सरकत नव्हती. घरी मात्र सगळं जिथल्या तिथं करायची. भाकऱ्या, धाकट्या भावाचा ऑनलाइन अभ्यास, आईची औषधं. येणारे-जाणारे म्हणायचे, "पोरगी किती सावरली हो!" मला त्या कौतुकाचीच धास्ती वाटायची. वडिलांचा विषय निघाला की ती वर्तमानकाळात बोलायची. "बाबांना कारलं आवडत नाही." "बाबा सकाळी लवकर उठतात." मी तो काळ कधी दुरुस्त केला नाही.

आणि २२ जुलैला चिपळूण बुडालं. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी रात्रीत शहरात शिरलं, बाजारपेठेत पार पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. २००५ चा पूर पाहिलेली माणसंसुद्धा हादरली. १८६४ साली सुरू झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं चिखलात गेली. त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. कराडातून मदतीचे टेम्पो निघायला लागले. पाण्याचे बॉक्स, चटया, ब्लँकेटं, बिस्किटं, फिनेल, खराटे, फावडी, घमेली. बायचा मामा एका मंडळाच्या टेम्पोबरोबर निघाला होता.

माझ्या मनात पहिलं उत्तर 'नको' हेच आलं. तळियेची दृश्यं डोळ्यांपुढं होती. अठराच्या आतल्यांना तेव्हा लसही नव्हती. मी आईकडे एक दिवस मागितला आणि बायला बोलावून घेतलं. 'का जायचंय' असं विचारलं नाही. 'का' विचारलं की मुलांना झडती घेतल्यासारखं वाटतं. मी विचारलं, "तिथं जाऊन काय करावंसं वाटतंय?"

ती बराच वेळ तळहात पाहत बसली. मग म्हणाली, "काहीतरी धुवायचंय मला. माझ्या हातानं."

मी आईला हो म्हटलं.

पण नुसतं हो नाही. पूर ओसरून आठवडा झालाय, आता फक्त साफसफाईचं काम आहे, तेवढंच करायचं. जिथं मृतदेह शोधण्याचं काम चाललंय तिथं काहीही झालं तरी जायचं नाही. तीन दिवस, चौथ्या दिवशी घरी. मामाच्या नजरेआड राहायचं नाही. रात्री झोप पुरी. निघण्याआधी कोरोनाची चाचणी, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि पुराच्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा धोका असतो म्हणून डॉक्टरांना विचारून गोळ्या. गमबूट आणि हातमोजे असल्याशिवाय चिखलात पाय नाही. संध्याकाळी आईला फोन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मध्येच परत यावंसं वाटलं तर मामानं त्याच दिवशी आणायचं, "एवढ्या लांब आलीस आणि..." असं एका शब्दानं म्हणायचं नाही.

कुंभार्ली घाट उतरून ते चिपळूणला पोचले. ती सांगत होती, वास आधी येतो, शहर नंतर दिसतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिजलेल्या गाद्यांचे ढीग, उताणे पडलेले फ्रिज, दुकानातून बाहेर ओढलेली लग्नाची कापडं. पहिला दिवस घमेली उचलण्यात गेला. त्यांच्या गटात सांगलीकडचा, तिच्याच वयाचा एक मुलगा होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा याचं घर छपरापर्यंत पाण्यात होतं. त्यानं तिला पहिला धडा दिला, "चिखल ओला आहे तोवर ओढायचा. वाळला की पहारीलाही दाद देत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांना एका आजींचं घर मिळालं. ऐंशीच्या आसपास वय, एकट्या राहणाऱ्या. पूर आला ती रात्र त्यांनी शेजाऱ्यांच्या माडीवर काढली होती. घरातला चिखल निघाला, आणि पलंगाखालून एक पत्र्याची ट्रंक. आत अल्बम. पानं एकमेकांना चिकटून एक लगदा झालेला. कुणीतरी तो कचऱ्याच्या ढिगाकडे न्यायला उचलला. बायनं तो हातातून काढून घेतला.

मामानं फोन करून एका फोटोग्राफर मित्राला विचारलं. त्यानं सांगितलं ते असं: घासायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, चिकटलेले फोटो कोरडे असताना ओढायचे नाहीत. परातीत स्वच्छ गार पाणी घ्यायचं, फोटो त्यात भिजू द्यायचे, आपापले सुटतील तसे सोडवायचे, बोटाच्या टोकानं गाळ हलकेच सारायचा, आणि चेहऱ्याची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे. बायनं दुपारपासून अंधार पडेपर्यंत ओसरीवर बसून हेच केलं. पाणी गढूळ झालं की ओतायचं, टँकरचं नवं घ्यायचं. आजी शेजारी बसून एकेक माणूस ओळखत होत्या. ही नणंद. हा मुंबईचा दीर. ही मी, हसू नको गो.

मग आजोबांचा फोटो आला. त्याचा रंग पाण्यात सुटत होता. बाय जितकी जपत होती तितका चेहरा तिच्या बोटांखालून जात होता. डोळे गेले, नाक गेलं. ती थांबली. हात थरथरायला लागले. आजींनी तो फोटो उचलून नाकाजवळ धरला, नीट पाहिला आणि म्हणाल्या, "कान राहिले बघ. तेच मोठे होते त्यांचे."

बाय हसली. खूप हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. एप्रिलनंतर पहिल्यांदा. आजींनी "रडू नको" म्हटलं नाही. त्या परातीतलं पाणी बदलून आल्या आणि परत शेजारी बसल्या. थोड्या वेळानं विचारलं, "बाबा काय करतात गो बाय तुझे?"

"एसटीत होते," बाय म्हणाली. "मेकॅनिक होते."

हे मला तिनंच सांगितलं, चार दिवसांनी, माझ्यासमोर बसून. नखांत अजून तांबडी माती होती. 'होते' या शब्दावर ती स्वतःच थबकली. आणि मग ते बाहेर आलं, ज्याची मी तीन महिने वाट पाहत होते. "मॅडम, बाबांना मीच दिला. माझा घसा आधी धरला. मी मैत्रिणीकडे नोट्स आणायला गेले होते."

अशा वेळी आपण सगळेच पटकन म्हणतो, "छे छे, तुझी काही चूक नाही." माझी कळकळीची विनंती आहे, ते इतक्या पटकन म्हणू नका. मुलाला त्यातून एवढंच कळतं की हे ऐकायची समोरच्याची तयारी नाही. आम्ही कागद घेतला आणि त्या पंधरवड्यातला एकेक दिवस लिहून काढला. कोण कुठं गेलं होतं, कुणाला कधी काय झालं. वडील रोज वर्कशॉपला जात होते. तिथले दोघे त्याच आठवड्यात आजारी होते. काका दोनदा येऊन गेले होते. शेवटी मी तिला खरं तेच सांगितलं: कुणाकडून कुणाला गेला हे कधीच कळणार नाही. तुला नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही. 'मीच दिला' यापासून 'कळणार नाही' इथपर्यंत यायला तिला तीन महिने लागले. ती वाट चिपळूणच्या वाटेपेक्षा अवघड होती.

मदतीला गेली आणि बरी झाली, असं झालेलं नाही. परत आल्यावरचे दोन आठवडे उलट जास्त वाईट गेले. रात्र-रात्र रडणं, जेवण बंद. आईला वाटलं, पाठवून चूक केली. नंतर बाय दर शनिवारी घाट उतरायला बघायला लागली, घटक चाचणीत दोन विषय राहिले, आणि तेव्हा मी स्पष्ट नको म्हटलं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये एक मांडणी केली, मला ती रोजच्या कामात फार उपयोगी पडते. शोकातला माणूस झोपाळ्यावर असतो. एकदा गेलेल्या माणसाकडे जातो, एकदा पुढच्या जगण्याकडे. दोन्हीकडे जाणं निरोगी. बाय तीन महिने कुठंच जात नव्हती, आणि आता झोका एकाच टोकाला धरून ठेवत होती. चिखल काढताना वडील आठवत नसतील तर ते काम म्हणजे पळणं झालं, आणि आठवत असतील तर काम. आईवडिलांनी एवढंच पाहावं. झोप-जेवण महिनोन्महिने उडालेलं असेल, किंवा मूल गेलेल्या माणसाबरोबर 'मीपण जायला हवं होतं' अशा भाषेत बोलत असेल, तर कुठल्याही शिबिराला पाठवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आईचा दुसरा फोन सप्टेंबरात आला. आवाज चढलेला. "मॅडम, चिखल राहिला बाजूला. ही त्या सांगलीच्या पोराशी रोज बोलतीय!"

आईची काळजी खोटी नव्हती. मदतकार्यात दुखावलेल्या मुलीला एकटं गाठून सहानुभूती दाखवणारी मोठी माणसंही भेटतात, म्हणून तर मामाच्या नजरेआड नको म्हटलं होतं. पण हा मुलगा तिच्याच वयाचा, आणि मामानं पाहिलेला. मी बायला विचारलं, "काय बोलता एवढं?" ती म्हणाली, "तो बाबांबद्दल विचारतो. बाकी सगळे विषय बदलतात."

मी आईला म्हटलं, फोन काढून घेऊ नका. आणि आधी तुम्ही विचारा तिला बाबांबद्दल. आई गप्प झाली. त्या रात्री मायलेकी पहिल्यांदा त्यांच्याविषयी बोलल्या, दारात राहिलेल्या त्या चपलेपासून सुरुवात करून. ती चप्पल आईनं कपाटात जपून ठेवली होती, आणि बायला ते माहीतच नव्हतं. मुलाच्या बाबतीत इतकंच ठरलं की लपवायचं नाही, आणि वर्षभर कसलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. शोकात जीव कुणालाही घट्ट धरतो, ती पकड सैल झाल्यावर काय उरतं ते बघायचं. आता दोघं विशीत आहेत, दोन्ही घरांना ठाऊक आहे, आणि आधी शिक्षण पुरं करू हे त्यांनीच सांगितलंय.

पण मला विचाराल तर बायला लागलेली पहिली माया आजींची. दर गुरुवारी संध्याकाळी फोन. पूर गुरुवारी आला म्हणून गुरुवार, हा आजींचाच हट्ट. "त्या वाराला काहीतरी बरं लावून देऊ," म्हणायच्या.

एप्रिल २०२२ मध्ये वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. आजी एसटीनं कराडला आल्या, हातात फणसाच्या गऱ्यांचा डबा. जेवणं झाल्यावर सगळी प्रीतिसंगमावर गेली. बाय वर्षभर त्या घाटाकडे फिरकली नव्हती. तिनं आजींना दाखवलं, ही कृष्णा, ही कोयना. आणि सांगितलं की याच कोयनेचं पाणी वर धरणातून बोगद्यानं वीजघरांत जातं आणि तिथून कोळकेवाडीमार्गे तुमच्या वाशिष्ठीला मिळतं.

आजींनी पदर सावरला, पायरीवर बसून पाण्यात हात घातला. "ही होय ती," म्हणाल्या. "आमच्याकडं फार धावत येते गो. इथं किती शांत आहे."

बाय त्यांच्या शेजारी बसली आणि तिनंही हात घातला.