वढवाण्याला दुपारी जायचं तर

चि.,
अनेक आशीर्वाद.

पहाटे निघणं जमत नाही, मग दुपारी वढवाण्याला, बडोद्याजवळच्या त्या तलावावर, पक्षी बघायला गेलं तर काही दिसेल का, असं विचारलंयस. खुशाल जा. दुपारी पक्षी दिसत नाहीत, हे झाडीतल्या पक्ष्यांबद्दल ठीक आहे. हिवाळ्यात पाण्यावरची बदकं भरदुपारी कुठे जाणार? बरीचशी डुलक्या काढत तिथेच असतात. नवशिक्याला आणखी काय हवं?

डभोईवरून जा. ओरसंग नदीच्या पाण्यावर भरणारा हा तलाव बडोदा संस्थानाने १९१० च्या सुमारास शेतीसाठी बांधला. २०२१ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. ऊन पाठीवर येईल अशी जागा धर, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतील. लांबचं पाहायचा हट्ट नको, पाण्यावरची हवा थरथरते आणि रंग कळत नाहीत.

आणि एका थव्यापाशी तासभर बस. यादी वाढवायचा सोस नंतर कर (सुटत तो कोणालाच नाही म्हणा). थापट्या बदक बघ. फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत असतं. चार-पाच जण एकामागे एक लागले की भोवऱ्यासारखं पाणी ढवळतं, खालचे बारीक जीव वर येतात. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, त्यातून पाणी गळून जातं आणि खाणं आत राहतं. शेजारी कुणी शेपूट वर करून नुसतं डोकं बुडवतं, कुणी अख्खं गडप होतं. एवढं कळलं तरी निम्मी बदकं ओळखीची झाली. वारकरी (पांढऱ्या चोचीचे काळे पाणपक्षी) एकदम गोळा होऊन दाटीवाटीने पोहायला लागले, तर वर बघ, भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असेल.

पट्टकादंब हे रानहंस दिसतीलच, डोक्यामागे दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून आलेले हे पाहुणे उडतानाचे फोटो हवेत म्हणून टाळ्या वाजवून उठवणारे महाभाग भेटतील. मला त्यांची चीड येते. परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी असल्या उठाबशांत जाते. तू काठाशी उतरू नकोस, बांधावरूनच बघ.

दुर्बीण विकत घ्यायची घाई नको. माझी ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी) घेऊन जा. पट्टा मानेला काचतो, तेवढा रुमाल बांध.

तुझा,
काका