वाचक विचारतात: वेशीवरचे वीरगळ

रस्ता रुंदीकरणात ठेकेदाराने वेशीबाहेरचे तीन वीरगळ (झुंजीत मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) उपटून मारुतीच्या देवळामागे आडवे टाकलेत. सिमेंटचा ओटा बांधून ते उभे करावेत, रंगवावेत असं मंडळाचं म्हणणं आहे. चालेल का? (एक वाचक, जि. सातारा)

रंग नकोच, आणि सिमेंटही दगडाला लागू देऊ नका. सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात, ओल सुकली की आतच त्यांचे स्फटिक होतात आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात. ऑइलपेंटचे दोन-तीन हात बसले की डोळे, बांगड्या, तलवारीची मूठ सगळं बुजतं. मग तो रंग काढायला कुणीतरी ॲसिड नाहीतर ग्राइंडर आणतं, आणि उरलंसुरलंही जातं.

आधी ग्रामपंचायतीचा ठराव करून फोटोंसह राज्य पुरातत्त्व खात्याच्या विभागीय कार्यालयाला पत्र द्या. दगड मुळात कुठे होते आणि त्यांचं तोंड कुठल्या दिशेला होतं, हे गावातल्या जाणत्यांकडून आत्ताच लिहून घ्या.

तीन फूट उंच, दीड फूट रुंद आणि नऊ इंच जाडीचा काळा दगड पावणेतीनशे किलोच्या आसपास भरतो. पहारीने उचकटू नका, तिचं टोक नेमकं कडेच्या चित्रावर बसतं. गोणपाट गुंडाळून त्यावर रुंद पट्टे लावा आणि चेनपुलीने उचला.

वीरगळाच्या तळाशी बहुधा न कोरलेला, ओबडधोबड भाग असतो. तो जमिनीत गाडण्यासाठीच ठेवलेला. खड्डा त्याहून सहा इंच जास्त खोल घ्या, त्या सहा इंचांत खडी भरा, दगड ओळंब्यात धरा आणि भोवती खडी-वाळू कुटून बसवा. पाणी निचरून जायला हवं. तळ तुटलेला असेल तर दगड गाडू नका, खडीवर उभा करून मागून सुक्या दगडांचा भक्कम टेका द्या. तळाचा कोरीव चौकटीचा भाग मातीत जाणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि लढाई तर तिथेच कोरलेली असते.

धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश नको. शेंदराचं पूट चढलं असेल तर ते खरवडू नका. त्यात पूजेचाही प्रश्न आहे, तज्ज्ञ आल्यावर गावाला विचारूनच काय ते करा.

चित्रं वाचायची कशी?

खालून वर. तळाला झुंज किंवा पडलेला वीर. शेजारी गाई दिसल्या तर गोधन राखताना आलेलं मरण समजा. त्यावर अप्सरा त्याला वर नेतात, त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे बसलेला असतो. माथ्याला कलश, चंद्र-सूर्य. सगळेच असे नसतात: बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर चक्क गलबतांची लढाई आहे. कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा.

झिजलेलं चित्र दुपारी दिसत नाही. अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून कडेने प्रकाश टाका, फ्लॅश बंद ठेवा. खडू किंवा पीठ भरून रेषा उठवू नका. आपल्याला जी रेषा वाटते तीच मग फोटोत कायमची राहते.

आमच्या दगडावर गाढव आणि बाई आहे. लोक अपशकुनी म्हणून फेकायला निघालेत.

फेकू नका. ती गद्धेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. दानाचा मजकूर बहुधा त्याच दगडावर कोरलेला असतो, तेव्हा चित्राच्या वरची सपाट जागा आधी बॅटरीने तपासा.