वाचक विचारतात : दोन क्रेडिटसाठी गावात जायचं, पण करायचं काय?

प्रश्न : नमस्कार ताई, मी चोपडा तालुक्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. नवीन शैक्षणिक धोरणामुळे कम्युनिटी एंगेजमेंटचे, म्हणजे लोकांमध्ये जाऊन करायच्या कामाचे, 2 क्रेडिट आलेत. आमच्याकडे ठरलंय असं की एक दिवस गावात जायचं, झाडलोट करायची, रॅली काढायची, जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो फाईलला लावायचे, झालं. मला पटत नाहीये पण दुसरं काही सुचतही नाही. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आहेच की, मग यात वेगळं काय? आणि निम्मी पोरं खेड्यातूनच येतात, कापूस वेचणीच्या दिवसांत तर वर्गातच नसतात. त्यांना कुठल्या गावात नेऊ?

उत्तर : सर, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. एनएसएस 1969 पासून आहे, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर, आणि त्याने कितीतरी पोरं घडलीत, ते तसंच चालू द्या. पण एनएसएसमध्ये बीएस्सीचा पोरगा आणि बीकॉमची पोरगी एकच काम करतात, कारण तिथे विषयाचा संबंध नसतो. हे क्रेडिट विषयाचे आहेत, म्हणजे जे काम फक्त केमिस्ट्री शिकलेलंच पोरगं करू शकतं तेच काम गावाला द्यायचं. झाडलोट गाव स्वतः करू शकतं हो.

तुमच्याकडे तर विषय पायाशीच पडलाय, पाणी. चोपडा, यावल, रावेर हा केळीचा पट्टा, बोअर खोल खोल चाललेत आणि शेतात युरिया भरपूर. पोरं लॅबमध्ये पाण्याचा जडपणा मोजायचं ईडीटीए टायट्रेशन करतातच ना, बाटलीतल्या पाण्याऐवजी हापशाचं, विहिरीचं, नळाचं पाणी आणू द्या. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालतं, युरियातून पाण्यात उतरणारं नायट्रेट मात्र लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको. नायट्रेटचं तर नक्की बघा, कारण पाणी उकळलं की ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं, आणि वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला त्याचा धोका सगळ्यात जास्त. बाळासाठी म्हणून पाणी उकळून देणाऱ्या माऊलीला हे कोण सांगणार, तुमचीच पोरं ना. नमुने एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर घ्या, आकडे बदलतात आणि का बदलले हे शोधण्यातच पोरं खरं शिकतात.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. कॉलेजच्या लॅबचा आकडा आला म्हणून लगेच गावभर "पाणी खराब आहे" असं करू नका. संशय आला तो नमुना भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्या, आधी सरपंच आणि ग्रामसेवकांना सांगा, मग 26 जानेवारीच्या ग्रामसभेत पोरांनी उभं राहून मांडायचं. जलजीवन मिशनमध्ये बऱ्याच गावांत बायकांना पाणी तपासायचं किट चालवायला शिकवलंय, त्यांना सोबत घ्या, त्यांना गावातल्या पाण्याची खोड माहीत असते.

आता वेचणीवाल्या पोरांचं. मला तुमच्या प्रश्नातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आपल्या खान्देशात पोरगं कॉलेजात येतं तेच मुळी गावातून, त्याला दुसऱ्या गावात नेऊन सेवा करायला लावायची कशाला, त्याचं स्वतःचंच गाव घ्या. दोन क्रेडिटचे 60 तास आहेत, ते सलग नकोत, वेचणी संपल्यावर किंवा संध्याकाळी होऊ द्या. मजुरी बुडवून क्रेडिट मिळवायला लावणं हा अन्याय आहे, मी हे स्पष्टच लिहिते. दुपारी तसंही गावात कोणी भेटत नाही, सगळे शेतात. आणि फॉर्ममधलं पुस्तकी मराठी बाजूला ठेवा, "तुमना हापशानं पानी पेवाले कसं शे" असं अहिराणीत विचारलं की आजी बसवून घेते आणि दहा वर्षांचं सांगते. डोंगराकडच्या पाड्यांवर पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलणारं पोरगं गटात असलंच पाहिजे, त्याला तिथे पुढे करा.

मार्क कशाला द्यायचे? तासांना नाही, फोटोंना तर नाहीच. पोरांनी ठेवलेल्या नोंदवहीला द्या, ग्रामसभेत लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्याने काय उत्तर दिलं त्याला द्या. आणि दरवर्षी नवं गाव शोधू नका, तेच गाव ठेवा, पाच वर्षांचे आकडे एका वहीत आले तर ग्रामपंचायतीला त्याचा उपयोग होईल, एका दिवसाच्या रॅलीचा होत नाही.

प्रश्न : ताई, मी साक्रीकडची, बीए इतिहास करतेय. सायन्सवाल्यांना पाणी तपासता येतं, आम्ही गावाला काय देणार?

उत्तर : अगं, पांझरेच्या काठी राहतेस आणि असं विचारतेस! फड पद्धत बघ की. नदीवर छोटा बंधारा, त्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी पीक पुढच्या फडात, आणि पाणी वाटायला गावानेच नेमलेला पाटकरी. काहीशे वर्षं लोकांनी हे आपापसात चालवलं. बऱ्याच ठिकाणी बंद पडलंय किंवा पडत चाललंय, का पडलं ते गावातल्या जुन्या मंडळींना विचार, त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड कर, कोणाकडे जुन्या वह्या असतील तर फोटो काढ आणि वही तिथल्या तिथे परत दे. फडांचा हाताने नकाशा काढ. तो बरोबर आहे का हे त्याच आजोबांकडून तपासून घे, ते चुका काढतील, काढू दे. तयार झालं की एक प्रत ग्रामपंचायतीला, एक झेडपीच्या शाळेला, आणि मग कॉलेजला. तुमच्या सरांना हा अंक दाखव, विषय नक्की मंजूर करतील.